दिल्लीची अभ्यास सहल: इतिहास-नागरिकशास्त्रासाठी कुठली ठिकाणं खरंच कामाची, कुठली नाहीत

टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये दिल्ली म्हणजे एक ठरलेली यादी असते, इंडिया गेट, लाल किल्ला, कुतुबमिनार, लोटस टेंपल, अक्षरधाम आणि मग आग्र्याला ताजमहाल. फॅमिली टूरसाठी ही यादी ठीकच आहे पण इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायला म्हणून मुलांना घेऊन जाणार असाल तर ती जशीच्या तशी घेऊ नका, हे मी आधीच स्पष्ट सांगते. आठवीच्या नागरिकशास्त्रात भारताची संसद आहे, केंद्रीय कार्यकारी मंडळ आहे, न्यायव्यवस्था आहे, आणि हे धडे ज्या इमारतींबद्दल आहेत त्या सगळ्या दिल्लीत चार-पाच किलोमीटरच्या आत उभ्या आहेत, तरी सहलीची बस त्यांच्यासमोरून "डावीकडे बघा मुलांनो" म्हणत निघून जाते आणि संध्याकाळी तीच बस खरेदीच्या एम्पोरियमसमोर दोन तास थांबते. याचा मला खरंच राग येतो.

म्हणून हा रिव्ह्यू शिक्षकांसाठी आणि सहल समितीत असलेल्या पालकांसाठी. ठिकाणं मी एकाच कसोटीवर तपासली आहेत, तिथे उभं राहून मुलाला "सत्ता कुणाकडे होती आणि तिला जाब कोण विचारत होतं" हा प्रश्न पडतो का. पडत असेल तर जागा चांगली, नसेल तर ती कितीही सुंदर असो, तिला अर्ध्या तासाच्या वर देऊ नका.

पहिला नंबर संसदेचा, आणि दुसरा कोणाचा हे ठरवताना मी विचार करेन पण पहिल्याबद्दल अजिबात शंका नाही. नव्या इमारतीचं उद्घाटन २८ मे २०२३ ला झालं आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरपासून कामकाज तिथे सुरू झालं. लोकसभेच्या सभागृहात ८८८ आणि राज्यसभेच्या सभागृहात ३८४ जणांची बसायची सोय आहे, हे आकडे मुलांना आधी सांगून ठेवा आणि विचारा की आता लोकसभेत ५४३ खासदार आहेत मग एवढ्या खुर्च्या कशाला, की मतदारसंघांची पुनर्रचना, लोकसंख्या, दक्षिण-उत्तर वाद सगळं त्या एका प्रश्नातून बाहेर येतं. संविधान दालनात छतापासून लोंबणारा फुकोचा लंबक आहे, पृथ्वी फिरते हे दाखवणारा, दिल्लीच्या अक्षांशावर त्याची एक फेरी पूर्ण व्हायला साधारण ५० तास लागतात. विज्ञानाच्या बाई किंवा सर सोबत असतील तर तो भाग त्यांच्याकडे सोपवा.

पण माझ्या मते मुलांसाठी जास्त मोलाची आहे ती शेजारची जुनी गोल इमारत, जिला आता संविधान सदन म्हणतात. आत जायला मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर निदान बाहेरून नीट वेळ देऊन दाखवा. १८ जानेवारी १९२७ ला व्हाइसरॉय आयर्विननी तिचं उद्घाटन केलं, म्हणजे बांधली इंग्रजांनी स्वतःच्या राज्यासाठी. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी इथल्याच मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकले. ९ डिसेंबर १९४६ ला इथेच संविधान सभेची पहिली बैठक भरली, १४-१५ ऑगस्टच्या मध्यरात्री सत्तांतर इथेच झालं आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं तेही इथेच. सर्वोच्च न्यायालयसुद्धा १९५० पासून १९५८ पर्यंत याच इमारतीच्या एका भागात भरत होतं! एका गोल भिंतीच्या आत इतकं सगळं, आणि आपण मुलांना १४४ खांब मोजायला लावतो.

इथे तयारी केली नाही तर भेट वाया जाते. जायच्या महिनाभर आधी वर्गात पाच-सहा गट करा आणि प्रत्येक गटाला संविधान सभेतला एक सदस्य द्या. फक्त नेहरू-पटेल-आंबेडकर नको, हंसा मेहता द्या, ज्यांनी सत्तांतराच्या त्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेला अर्पण केला, दाक्षायणी वेलायुधन द्या, जयपालसिंग मुंडा द्या. संविधान सभेत १५ स्त्रिया होत्या, हे दहावीच्या मुलींनाही बऱ्याचदा माहीत नसतं. चर्चेचे वृत्तांत ऑनलाइन सहज मिळतात, आपल्या सदस्याच्या भाषणातला एक उतारा शोधायचा, मराठीत करायचा आणि तिथे गेल्यावर इमारतीसमोर उभं राहून वाचायचा, एवढाच उपक्रम. मराठी धागाही जोडून द्या, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, पुढे मनोहर जोशी, शिवराज पाटील आणि चिपळूणमध्ये जन्मलेल्या सुमित्रा महाजन, म्हणजे त्या खुर्चीत मराठी बोलणारी माणसं अनेकदा बसली आहेत आणि मुलांना हे ऐकून ती जागा आपली वाटायला लागते.

परवानगीचं काम मात्र चिकाटीचं आहे, वेळेवर धावपळ करून होत नाही. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांच्या ऑफिसला शाळेच्या लेटरहेडवर पत्र, सोबत मुलांची आणि शिक्षकांची यादी, ओळखपत्रांच्या कॉपी, आणि मग फोनवर पाठपुरावा. डिसेंबर २०२३ च्या सुरक्षा भंगाच्या घटनेनंतर तपासणी खूप कडक झाली आहे आणि ते योग्यच आहे. अधिवेशन चालू असेल तर प्रेक्षक गॅलरीचा पास मागायचा, नसेल तर इमारत बघायची परवानगी. दोन्हीतलं काय चांगलं असं विचाराल तर मी अधिवेशन म्हणेन, गॅलरीत अगदी थोडा वेळ बसायला मिळालं तरी चालेल. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ला आणि राज्यसभेचा दुपारी १२ ला असतो, म्हणजे सकाळचाच पास मागा. गोंधळ झाला, सभागृह तहकूब झालं तर मुलं निराश होतील अशी भीती शिक्षकांना असते पण मला उलट वाटतं, तहकुबी म्हणजे काय, विरोधी पक्ष घोषणा का देतो, अध्यक्षांचे अधिकार काय, हे सगळं त्या दहा मिनिटांत डोळ्यासमोर घडतं आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये यावर जी भांडणं होतात ती वर्गात तासभर शिकवूनही होत नाहीत.

आता दुसरा नंबर, आणि इथे अनेकांना आश्चर्य वाटेल. २६, अलीपूर रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ६ डिसेंबर १९५६ ला जिथे महापरिनिर्वाण झालं ती जागा, तिथे आता राष्ट्रीय स्मारक आहे, उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराची इमारत, एप्रिल २०१८ मध्ये खुली झालेली. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक मुलाला चैत्यभूमी माहीत असते पण त्याआधीची रात्र बाबासाहेब कुठे होते हे माहीत नसतं, दिल्लीहून त्यांचं पार्थिव विमानाने मुंबईत आणलं आणि ७ डिसेंबरला दादरला अंत्यसंस्कार झाले, या प्रवासाचं दुसरं टोक म्हणजे हे ठिकाण. आत त्यांचं आयुष्य टप्प्याटप्प्याने मांडलंय, वाचायला भरपूर आहे, आणि एवढं असून पॅकेजमध्ये हे नाव मला क्वचितच दिसतं. महाराष्ट्रातून जाणाऱ्या शाळेने हे ठिकाण टाळणं मला तरी समजू शकत नाही. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण आधी वर्गात वाचून घ्या, राजकारणात समता येईल पण सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात विषमता राहील हा इशारा त्यांनी दिला होता तो भाग, आणि मग इथे मुलांना लिहायला लावा की आज यातलं काय बदललं आणि काय नाही. फोटोंपेक्षा ती पानं जपून ठेवा.

लाल किल्ला पॅकेजमध्ये असतोच, अडचण ठिकाणाची नाही, दाखवण्याच्या पद्धतीची आहे. गाइड शहाजहान, संगमरवर, मयूरासन एवढ्यावर थांबतो. मराठी मुलांना तिथे जे दाखवायचं ते वेगळंच आहे. १७६० मध्ये पानिपतच्या आधी सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि फौजेच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवली, ते छत बघत ही गोष्ट सांगा, म्हणजे पानिपत ही नुसती शौर्याची गोष्ट राहत नाही, रसद आणि पैसा काय चीज असते तेही कळतं. पुढे महादजी शिंद्यांनी शाह आलम बादशहाला पुन्हा दिल्लीच्या गादीवर आणलं, १७७२ च्या जानेवारीत बादशहा दिल्लीत आला, आणि १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लेकने दिल्लीजवळच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेला हरवेपर्यंत बरीच वर्षं बादशहा नावाला आणि जोर मराठ्यांचा अशी अवस्था होती. सिंहासन एकाचं आणि सत्ता दुसऱ्याची, हे समजवायला याहून चांगली जागा देशात नसेल.

मग त्याच दिवाण-ए-खासमध्ये १८५८ ला बहादूरशहा जफरवर इंग्रजांनी खटला चालवला, बादशहाच्याच दरबारात बादशहा आरोपी. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये याच किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला, एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख, बचावाला भुलाभाई देसाई उभे आणि नेहरूंनीही वकिलाचा कोट चढवलेला. जन्मठेप सुनावली गेली पण लोकांचा रेटा एवढा होता की ती माफ करून तिघांना सोडावं लागलं. गांधीजींच्या खुनाचा खटलाही इथेच चालला. म्हणून मी तर लाल किल्ल्याचा विषयच "खटल्यांचा किल्ला" असा ठेवते आणि दोन-तीन गटांना एकेका खटल्याचे वकील करते. इंग्रजांच्या जुन्या बराकींमध्ये नेताजी आणि आझाद हिंद सेना, १८५७, जालियनवाला यांची संग्रहालयं २०१९ मध्ये सुरू झाली, ती किल्ल्याच्या दिखाऊ भागापेक्षा जास्त वेळ देऊन बघण्यासारखी आहेत. आणि हो, एक छोटा प्रश्न मुलांना नक्की विचारा, पंडित नेहरूंनी लाल किल्ल्यावर पहिल्यांदा तिरंगा कधी फडकवला? सगळे १५ ऑगस्ट म्हणतात, तारीख १६ ऑगस्ट १९४७ आहे.

गांधी स्मृती, म्हणजे तीस जानेवारी मार्गावरचं जुनं बिर्ला हाउस. गांधीजींचे शेवटचे १४४ दिवस इथे गेले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उमटवून ठेवली आहेत, प्रवेश फुकट, गर्दी सहसा कमी, आणि मुलं आपोआप हळू बोलायला लागतात, कोणी ओरडावं लागत नाही. याला मी पूर्ण मार्क देते. फक्त एक सांगायचंय, अगदी मनापासून. खून कोणी केला, तो माणूस पुण्यात वर्तमानपत्र चालवायचा, कुठल्या विचारातून हे आलं, हा भाग महाराष्ट्रातले बरेच शिक्षक तिथे उभं राहून गिळून टाकतात कारण उगाच कोणा पालकाचा फोन नको. असं करू नका. जानेवारी १९४८ मधलं उपोषण, दिल्लीतल्या दंगली, फाळणीतून आलेले लोंढे, २० जानेवारीचा बॉम्ब आणि मग ३० जानेवारी, हा क्रम आधी वर्गात शांतपणे शिकवला असेल तर तिथे फार काही बोलावंच लागत नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलं खरं ऐकून घ्यायला पुरेशी मोठी असतात.

तिथून जवळच १, सफदरजंग रोडला इंदिरा गांधी स्मारक आहे, ३१ ऑक्टोबर १९८४ ला त्या जिथून चालत गेल्या ती वाट काचेने झाकलेली आहे. बांगलादेश युद्धही शिकवा, आणीबाणीही शिकवा, दोन्ही त्याच व्यक्तीच्या निर्णयांतून आलं. एका दिवशी ही दोन्ही घरं दाखवली की मुलांच्या मनावर ताण येतो हे खरं, म्हणून त्या दिवशी संध्याकाळ मोकळी ठेवा.

तीन मूर्ती भवनातलं प्रधानमंत्री संग्रहालय १४ एप्रिल २०२२ ला सुरू झालं. नेहरू जिथे १९६४ पर्यंत राहिले ते जुनं घर आणि शेजारी नवी इमारत. सगळ्या पंतप्रधानांना जागा दिली आहे ही त्याची मोठी जमेची बाजू, कारण आपल्या मुलांना लालबहादूर शास्त्री आणि मोरारजी देसाई यांच्यात कोण आधी हे विचारलं तरी गडबड होते, चरणसिंग, चंद्रशेखर, देवेगौडा, गुजराल ही नावं तर ऐकलेलीही नसतात. तंत्रज्ञान भरपूर आहे, मुलांना आवडतंच. पण नुसतं सोडून दिलंत तर सगळी पंतप्रधानांसोबत फोटो काढायच्या जागी जमतील आणि दोन तास तिथेच जातील, म्हणून प्रत्येकाला एक पंतप्रधान आणि एक निर्णय वाटून द्या, तो निर्णय काय होता, कोणी विरोध केला, दालनात काय दाखवलंय आणि काय दाखवलेलं नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण संग्रहालयसुद्धा कोणीतरी निवड करून मांडलेलं असतं आणि दहावीच्या उपयोजित इतिहासात आपण नेमकं हेच शिकवतो. बाहेर चौकात ज्या तीन सैनिकांच्या मूर्ती आहेत त्या जोधपूर, हैदराबाद आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळाच्या, पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये हैफाला लढलेल्या, तिथे पाच मिनिटं थांबलात तरी पुरे.

सर्वोच्च न्यायालय बघता येतं हेच अनेक शाळांना माहीत नसतं. शनिवारी गाइडेड टूर असते, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, कोर्टरूम बघायला मिळते. आवारात राष्ट्रीय न्यायिक संग्रहालयही आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडलेलं. रस्त्याचं नाव टिळक मार्ग, ज्या लोकमान्यांवर इंग्रजांच्या कोर्टाने राजद्रोहाचा खटला चालवला त्यांच्या नावाच्या रस्त्यावर स्वतंत्र देशाचं सर्वोच्च न्यायालय, हे मुलांना सांगताना मला दरवेळी भरून येतं. केशवानंद भारती खटला सोपा करून आधी शिकवा, १३ न्यायाधीश, २४ एप्रिल १९७३, ७ विरुद्ध ६, एका मताच्या फरकाने संविधानाची मूलभूत चौकट टिकली, म्हणजे ती संसदेलाही बदलता येणार नाही असं ठरलं.

इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक संध्याकाळी एकत्र करा, फार वेळ नको, मात्र इंडिया गेटमागची छत्री दाखवा. तिथे आधी पंचम जॉर्जचा पुतळा होता, मग कित्येक वर्षं ती रिकामी होती आणि सप्टेंबर २०२२ पासून नेताजींचा पुतळा आहे. जंतरमंतरला खगोलशास्त्रासाठी जाल तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर आंदोलनं कुठे बसतात तेही लांबून दाखवा, लोकशाही फक्त गोल इमारतीत नसते. कुतुबमिनार ठीक. लोटस टेंपल, अक्षरधाम या विषयाच्या सहलीत नकोच, तो वेळ राष्ट्रीय संग्रहालयाला द्या, मोहेंजोदडोची नर्तिका प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे हे बघून मुलांचे डोळे विस्फारतात.

आता व्यवस्थेचं. सोमवार! लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, गांधी स्मृती, इंदिरा गांधी स्मारक, प्रधानमंत्री संग्रहालय, अलीपूर रोडचं स्मारक, सगळं सोमवारी बंद. आम्हाला एका टूरवाल्याने पाठवलेल्या कार्यक्रमात लाल किल्ला सोमवारीच टाकलेला होता आणि वर "बाहेरून दर्शन" असं लिहिलेलं. प्रवासाचा दिवस सोमवार ठेवा आणि मंगळवार ते शनिवार दिल्ली, म्हणजे कोर्टाची शनिवारची टूरही बसते. जानेवारीत जाऊ नका, धुक्याने गाड्या तासन्‌तास लेट होतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या तालमींमुळे कर्तव्य पथाचा भाग वारंवार बंद असतो. दिवाळीनंतर लगेच गेलात तर हवा इतकी वाईट असते की दम्याच्या मुलांचे हाल होतात. आठवी-नववीसाठी फेब्रुवारी सगळ्यात बरा, आणि अधिवेशन हवंच असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा, पण तारखा जाहीर झाल्यावरच तिकिटं पक्की करायची.

बसपेक्षा मेट्रो. येलो लाइन बघा, सिव्हिल लाइन्सला अलीपूर रोडचं स्मारक, पटेल चौकाला जंतरमंतर, सेंट्रल सेक्रेटरिएटला संसद आणि राष्ट्रपती भवन, लोक कल्याण मार्गाला गांधी स्मृती आणि तीन मूर्ती. लाल किल्ल्याला कश्मीरी गेटला उतरून व्हायलेट लाइन घ्यायची. दहा-दहा मुलांमागे एक शिक्षक, सकाळी नऊ ते अकरा मेट्रो टाळायची, गळ्यात ओळखपत्र आणि त्यावर हॉटेलचा पत्ता. संसद आणि कोर्टात फोन चालत नाहीत, ते हॉटेललाच ठेवून या, नाहीतर जमा करण्यात तास जातो. मुलींसाठी स्वच्छतागृहाच्या थांब्यांची यादी आधीच करा, संग्रहालयांमध्ये सोय चांगली आहे, रस्त्यात नाही.

दिवसाला दोन ठिकाणं, फार तर अडीच. टूरवाला म्हणेल सर, मॅडम, पैसे वसूल व्हायला पाहिजेत, आठ पॉइंट करू. त्याला सरळ सांगा की यादी शाळा देणार, तुम्ही राहणं, जेवण आणि गाडी बघा, आणि एम्पोरियम कार्यक्रमातून काढून टाकल्याचं लेखी घ्या, त्यानंतरच अॅडव्हान्स द्या.